गार चष्मा

सकाळी दूध काढायला ग्रंथपालबाईंनी फ्रीज उघडला, तर लोण्याच्या डब्याशेजारी सासूबाईंचा चष्मा. त्याला टेकून नवऱ्याचा.

"आई, चष्मे इथे कसे?"

"नंबर उतरतो." सासूबाई डोळे बारीक करून भिंतीवरच्या घड्याळाशी झटापट करत होत्या. "गार करून घालायचा. डोळ्यांतले थेंबही लागत नाहीत. बाटली टाकून दिली मी."

ग्रंथपालबाईंनी दुधाचं पातेलं कसंबसं गॅसवर ठेवलं. ही थाप त्यांचीच होती! आदल्या दिवशी वाचनालयात 'मोबाइलवरच्या थापा कशा ओळखाव्यात' यावर त्या बोलल्या, तेव्हा नमुना म्हणून त्यांनी ती स्वतः रचून पडद्यावर दाखवली होती. वर ठसठशीत लाल अक्षरांत 'हे खोटं आहे' असंही लिहिलं होतं.

"अहो, पण मी ओरडून सांगत होते, खोटं आहे म्हणून!"

"कानातलं मशीन बंद पडलं होतं माझं. म्हणून तर फोटो काढला. म्हटलं, घरी जाऊन सावकाश वाचू."

फोटोत सुनेचा चेहरा झकास आला होता. लाल अक्षरं तेवढी वरच्या वर कापली गेली होती.

"कुणाला पाठवलात का?"

"छे! घरच्या ग्रुपवर, आणि आमच्या फिरायला जाणाऱ्या बायकांना. सुनेचं कौतुक करायचं नाही का मी?"

ग्रंथपालबाईंनी उभ्याउभ्याच खुलासा लिहून सगळीकडे पाठवला. दूध उतू गेलं. लगेच उत्तरं आली. 'बाईंवर दबाव आलेला दिसतो.' 'चष्मेवाल्यांनी गाठलं असणार!' एका चुलत नणंदेनं विचारलं, 'फ्रीज बिघडलाय, बर्फात ठेवला तर चालेल का?'

वाचनालयात पोचेपर्यंत फोन थांबेना. दारातच एक नेहमीचे वाचक बिनचष्म्याचे येऊन काचेवर आपटले आणि काचेलाच 'माफ करा' म्हणाले. तेवढ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांचा फोन आला.

"बाई, माझे पेशंट थेंब बंद करतायत. काही बोललं की तुमचा फोटो दाखवतात मला! कुणाची नजर गेली म्हणजे?"

आता ग्रंथपालबाईंना खुर्चीत बसवेना. त्यांनी दुसरा, सविस्तर, पुराव्यांसकट खुलासा लिहिला. तो इतका लांबला, की लोकांनी न वाचताच अंगठा दाखवला. शेवटी अर्धी रजा टाकून, वाटेत थेंबांची नवी बाटली घेऊन त्या घरी धावल्या.

"आई, असल्या गोष्टींवर तुमचा विश्वास बसलाच कसा?"

"मोबाइलवरचं मी काही मानते का?" सासूबाई दुखावून म्हणाल्या. "तू लिहिलं होतंस, म्हणून मानलं."

ग्रंथपालबाई शेजारी बसल्या, सासूबाईंच्या कानातलं मशीन नीट बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. सासूबाईंनी मुकाट्यानं मान मागे टेकून थेंब घालून घेतले. मग एकदम ताठ बसल्या.

"अगं बाई! म्हणजे मी सगळ्यांनाच खड्ड्यात घातलं की! आण तो फोन."

दार लावून त्या एकेकीशी बोलत बसल्या. संध्याकाळपर्यंत गावभरचे चष्मे फ्रीजमधून नाकावर आले. डॉक्टरांनी आभाराचा फोन केला.

"आई, कमाल केलीत! काय सांगितलंत हो त्यांना?"

"सांगितलं, गार काचेतून बघितलं की माणूस तिरळा होतो."

"आई! हे कुठे वाचलंत?"

"वाचायला कशाला हवं? थापा काय तुलाच रचता येतात?"

ग्रंथपालबाईंनी तिरीमिरीत फोन उचलला आणि तिसरा खुलासा लिहायला घेतला. 'गार चष्म्यानं कुणीही तिरळं होत नाही…' एवढं लिहून झालं आणि डॉक्टरांचा सकाळचा आवाज आठवला. बोट जागच्या जागी घुटमळलं.

इतक्यात आतून नवऱ्यानं हाक मारली. तो आरशाला नाक लावून उभा होता.

"अगं, खरं सांग हं. माझा डावा डोळा आत वळलाय का?"

ग्रंथपालबाईंनी लिहिलेलं पुसून टाकलं.

"जरासा," त्या म्हणाल्या.