डेस्मंडरावांचे नाकावरील मोहिमेची हकीकत

श्रीसूर्यनारायणास दंडवत, तोही सावलीतून, कारण पुढील सारा उपद्रव त्याचाच. क्वीन्सलंड प्रांती, उसाचे मुलखी, हिरवळीवर जड गोळे गडगडविण्याचा खेळ खेळणाऱ्या बोल्स क्लबाचे आम्ही गुणफलक लिहिणारे; जे डोळां देखिले ते लिहितो.

राजेश्री डेस्मंडराव प्रॅटली, क्लबाचे सरनौबत, हयातभर बोडक्या डोईने ऊस तोडीत आले. टोपी घालणे ही नामर्दी, ऐसा घराण्याचा रिवाज. त्याच रिवाजापायी वडील क्लॅरीराव कर्करोगाने पोखरलेला अर्धा कान शस्त्रवैद्यांस देऊन बसले आणि मग अखेरपर्यंत चष्मा सुतळीने बांधून घेत. सांप्रत डेस्मंडरावांचे नाकी-कपाळी खरखरीत खपल्यांनी ठाणी बसविली. वैद्यबाईंनी भिंग लावून निवाडा दिला की, हा कर्करोग नव्हे, परंतु एखादे ठाणे पुढेमागे फितूर होऊन त्यास मिळेल. सबब हिवाळ्यातच महिनाभर मलमाचा मारा करावा, चेहरा लाल होऊन सोलेल, तीच मलम लागू पडल्याची खूण, आणि उन्हात पाऊल न टाकावे.

मारा सुरू जाहला आणि दुसरे आठवडी मुखकमल उकडलेल्या खेकड्याऐसे जाहले. इतक्यात शेजारच्या गावाशी अंतिम सामना ठरला. सरनौबत मनी खचले की, या थोबाडाने गेलो तर लिंडसे कॉब, शत्रूचा सरदार, वर्षभर हसेल. मग त्यांनी गुपचूप मलमाची नळी मोज्यांचे खणात कैद केली आणि रोज तोंडावर नुसते पाणी मारून न्हाणीतून बाहेर येऊ लागले.

परंतु धनीणबाई मर्लबाई नजरेच्या पक्क्या. एके सकाळी चहा ठेवून नवऱ्याकडे पाहिले आणि बोलल्या, "चेहरा बरा दिसायला लागलाय तुझा. म्हणजे लावत नाहीयेस."

राव म्हणाले, हवा मानवली. बाई म्हणाल्या, "तुझ्या बाबांचा चष्मा मी बांधायचे रोज. तुझा नाही बांधणार."

ऐसा हुकूम होताच रावांनी मोज्यांचे खणातून नळी सोडविली. वैद्यबाईंस विचारून मारा नव्याने मांडला, आणि बाईंनी रबरी हातमोजे चढवून दोन्ही वेळ स्वहस्ते मलम लाविले. राव कण्हत, बाई गाणे गुणगुणत.

सामना दिवेलागणीस, सूर्य मावळल्यावर. सरनौबत भलीमोठी टोपी नाकापर्यंत ओढून हिरवळीवर आले, आणि समोरून लिंडसेराव आले तेही टोपी हनुवटीशी भिडवूनच. मुजऱ्यास दोघांनी टोप्या काढिल्या आणि दोन्ही फौजांनी पाहिले: दोन खेकडे समोरासमोर.

लिंडसेराव म्हणाले, "कितवा आठवडा?"

"तिसरा. तुझा?"

"शेवटचा. मी तर आज पोटदुखीचं निमित्त सांगणार होतो."

मग जो हशा उठला तो उसाचे रानापलीकडे गेला. कोणी खांद्यावरील टाके दाखविले, कोणी ओठ, आणि चहावाल्या बाईंनी चष्मा काढून नाकावरचा जुना व्रण मिरविला. त्या गडबडीत डेस्मंडरावांचा अखेरचा गोळा सरळ हिरवळीकाठच्या खंदकात पडून बाद जाहला आणि सामना हातचा गेला. आम्ही गुणफलकावर तो पराजय खाली मान घालून लिहिला, लाज वाटली.

पुढे महिना सरला, मलम थांबले, खपल्या झडल्या, कातडे लहान मुलाचे गालासारखे निघाले. वैद्यबाईंनी भिंग फिरवून एकही ठाणे उरले नाही ऐसे जाहीर केले, आणि दर सहा महिन्यांनी हजेरीचा हुकूम दिला. घरी येताच मर्लबाईंनी रबरी हातमोजे कचऱ्यात टाकिले आणि नवऱ्याचे नाकावर उघडे बोट फिरविले, सावकाश, टोकापर्यंत. हयातभर बोडके हिंडलेले राव घरातही टोपी काढावयास विसरले होते. फत्ते जाहली.