नाही म्हणालेली फळी

लाकूड भट्टीत घालण्याआधी त्याचा होकार घ्यावा लागतो, आणि आमच्या कारखान्यात हे काम माझ्याकडे आहे. भट्टीत लाकूड जळत नाही. वाफेत इतकं तापतं की पुढे ते पाणी पीत नाही, फुगत नाही, कुजत नाही. पाऊस कसा असतो तेच विसरून जातं. एवढं सगळं विसरायला लावायचं, तर आधी विचारायला नको?

म्हणून मी नारळ ठेवून, देवाला घालतात तसं गाऱ्हाणं घालतो आणि फळ्या "व्हय म्हाराजा" म्हणतात. सगळ्यांनी म्हणावं लागतं. एक जरी गप्प राहिली तरी भट्टी पेटवत नाहीत.

इंदूकाकी राऊळांच्या आंब्याच्या फळ्या आल्या, तेव्हा एक गप्प राहिली. हा आंबा त्यांच्या नवऱ्याने, बाबलकाकांनी लावलेला. यंदा वाऱ्याने पडला. काकींच्या घराची पश्चिमेची मातीची भिंत गेल्या पावसात अर्धी खचली होती. या फळ्या बाहेरून ठोकल्या नसत्या तर उरलेलीही गेली असती. आणि मिरगाचा पाऊस तर तोंडावर आलेला.

"अडचण काय आसा?" मी फळीला विचारलं.

"भट्टयेतसून इल्यार पाऊस इलो ता माका कळतला काय?"

"नाय." लाकडाशी खोटं बोलायची आमच्यात पद्धत नाही.

"मगे घरात ये म्हणान इंदूक कोण सांगतलो?"

थेंब पडला की बाबलकाका अंगणातून ओरडायचे, "इंदू, पाऊस इलो, घरात ये!" ते वारल्यावर आंबा ओरडायचा. झाडाच्या कानावर जन्मभर तेच पडलेलं, त्यामुळे वाडीत कुणाला त्याचं नवल वाटलं नाही.

काकींना बोलावून घेतलं. त्या आल्या त्या फळीवरच खेकसल्या, "भित पडली तर मी ऱ्हव खंय? तुझ्या डोक्यार?"

काकी बराच वेळ फळीवरून हात फिरवत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "हिका भट्टयेत घालू नको. दाराक लाय."

ती बाजूला काढली. बाकीच्या एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणाल्या.

आषाढात मी काम बघायला गेलो. भिंत फळ्यांच्या आड कोरडी ठणठणीत होती. ती फळी लावलेलं दार मात्र फुगून चौकटीत घट्ट बसलं होतं.

"काकी, रंधो हाडलंय. मारू काय?"

"नको," आतून आवाज आला. "भायर पाऊस आसा. जलमभर मी ह्यांचा ऐकूक नाय. आता ऐकतंय."

मी रंधा पिशवीत ठेवला. काकींनी खिडकीतून चहा दिला, तो मी वळचणीला उभं राहून प्यालो.