पांढरा चौकोन

बहिणीच्या लग्नाची पत्रिका छापायची नाही, वेबपेज करायचं, हा हट्ट यशोधनचाच. नाशिक रोडच्या घरी बसून त्याने दोन रविवार खर्ची घातले, पानाच्या मधोमध आमंत्रणाचा व्हिडिओ बसवला, नातेवाइकांना लिंक पाठवली आणि हात झटकले. अर्ध्या तासात इगतपुरीहून गंगाधरकाकांचा फोन आला.

“पान उघडलं. मधे पांढरा चौकोन आहे. त्यात आम्ही काही लिहायचं असतं का?”

काका म्हणजे यशोधनच्या वडिलांचे थोरले भाऊ, रेल्वेतून निवृत्त झालेले. वडील गेल्यामुळे यशश्रीचं कन्यादान काका-काकूच करणार होते. पण चौकोन रिकामा आहे तोवर आमंत्रण पोचलं असं आपण धरणार नाही, हे काकांनी अगदी शांतपणे सांगितलं. त्या शांतपणाला घरात सगळेच टरकून असत. यशोधनच्या आईने, श्यामलाताईंनी, देव पाण्यात ठेवले.

काकांचा ब्राउझर जुना असेल, दुसरीकडून आणलेला व्हिडिओ तो अडवत असेल, असा यशोधनने तर्क केला. त्याने व्हिडिओ वेगळ्या रीतीने बसवला. त्याबरोबर दिंडोरीच्या आत्याच्या मोबाइलवर नवरदेव कमरेपासून खालीच दिसू लागला. पायांवरून मुलगा कसा काय पसंत केलात, असं आत्याने विचारलं. यशोधनने तोही दोष दूर केला, तर नवरदेव पुरता दिसला पण मुका झाला. आत्या आणखीच काळजीत पडली. दोन दिवसांनी तिच्याकडे आवाज आला, तेव्हा त्याने जीव मुठीत धरून इगतपुरीला फोन लावला.

“तोच चौकोन,” काका म्हणाले. “जरा मोठा झालाय.”

यशोधनने फोनवरून काकांना नवा ब्राउझर घ्यायला लावला, मग तिसरा. ऑफिसातले झाडून सगळे फोन तपासले. व्हिडिओ जगात सगळीकडे चालत होता, फक्त काकांच्या घरी नव्हता. असं होऊच कसं शकतं, हे त्याला काही केल्या उमगेना. शेवटी लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा त्याने रजा टाकली, लॅपटॉप उचलला आणि इगतपुरी गाठली.

काकूंनी दार उघडलं, पाणी दिलं.

“किती वाळलायस रे. व्हिडिओ मात्र सुंदर केलायस हो. शेवटी तुझ्या बाबांचा फोटो येतो ना, तिथे हे रोज चष्मा पुसतात.”

यशोधनने काकांकडे पाहिलं. काका खिडकीबाहेर पाहत होते.

“दिसतो तुम्हाला?”

“पहिल्या दिवसापासून,” काका म्हणाले. “पण दिसतो म्हटलं असतं, तर तू इथे आला असतास?”

यशोधनला भयंकर राग आला आणि त्याच्या दुप्पट लाज वाटली. त्याने लॅपटॉप पिशवीतून काढलाच नाही. दोघांना वाकून नमस्कार केला आणि लग्नाला या म्हणून तोंडाने सांगितलं. काका लगेच कॅलेंडर काढून बसले. काकूंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही.

परतताना तो घोटीपर्यंत आला असेल नसेल, तोच आत्याचा फोन.

“यशोधन, आत्ताच दादाशी बोलले रे. माझ्याकडचा व्हिडिओपण एकाएकी पांढरा पडलाय. दिंडोरीला कधी येतोस?”