बिराजदार सर आणि वळणाचं पान

बिराजदार सर कुठल्याही पुस्तकाचं पहिलं प्रकरण वाचलं, की मधलं सगळं सोडून थेट शेवटचं वाचतात. मग चष्मा पुसून मधल्या रानात शिरतात, त्यातला माणूस नेमका कुठं बदलला ते हुडकायला. सापडलं की त्या पानात एस्टीचं जुनं तिकीट खोचतात. त्याला ते वळणाचं पान म्हणतात. खोलीत चारेकशे पुस्तकं असतील, प्रत्येकात एकच तिकीट. मी एकदा म्हणालो, सर, एखादा दोनदा बदलत असंल की. तर म्हणाले, "दुसऱ्यांदा बदलला तो लेखकाचा आळस, वैजनाथराव."

मी डाळमिलमध्ये चाळणीवर पस्तीस वर्षं काढली. शाळा चौथीपर्यंत. माझं वाचन म्हणजे पोत्यावरची अक्षरं. पण अंगणात समोरासमोर दोनच खोल्या, एक माझी, एक सरांची. त्यामुळं ऐकून घ्यावं लागतं.

आमची गल्ली लातूरच्या शिकवण्यांच्या ऐन मध्यात. भिंतीभिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, खाली मेस, वर होस्टेल. त्यात सरांनी दारावर पत्र्याची पाटी लावलेली: ‘अभिजात साहित्यातील पात्रांचा विकास. रोज सायंकाळी पाच ते सहा.’ सर मराठीचे रिटायर मास्तर. बरोबर पाचला इस्त्रीचा सदरा घालून, हातात खडू घेऊन बसतात. कुणी येत नाही. सहाला खडू डबीत.

एकदा हदगावचा एक शेतकरी पोरीला घेऊन आला. ह्यानं डॉक्टरकीला किती मार्क वाढतात, म्हणून विचारलं. सर म्हणाले, एकही नाही. मग शिकवता काय? सर म्हणाले, माणूस पहिल्या पानावर एक असतो आणि शेवटी दुसराच निघतो, ते कसं होतं हे शिकवतो. त्या बापानं जरा विचार केला. म्हणाला, "ते तर आमच्या भावकीत रोज चालू हाय. त्याला फी कशाला?"

सरांनी हे वाक्य महिनाभर सगळ्या गल्लीला सांगितलं. इतका हुशार विद्यार्थी हातचा गेला म्हणून हळहळत होते.

जो बदलत नाही त्याला सर म्हणतात, "कच्चा लिहिलाय." चौकातला हॉटेलवाला वीस वर्षं कप पाऊणच भरतो. सर त्याच्या तोंडावर म्हणतात, ह्याला कच्चा लिहिलाय. पहिल्यांदा तो भांडायला उठायचा. आता कप ठेवताना स्वतःच विचारतो, सर, आज तरी पिकलो का? सर कपात वाकून बघतात आणि मान हलवतात.

मागल्या पोळ्याला माझी कलावती गेली. लोक आले, बसले, जे बोलायचं असतं ते बोलून गेले. तिसऱ्या दिवशी सर आले. बसले आणि म्हणाले, "बाई पहिल्या पानावर कशा होत्या?"

मला पायातली चप्पल काढावी वाटली. म्हणालो, सर, उठा इथनं. उठले. दुसऱ्या दिवशी परत तेच. चौथ्या का पाचव्या दिवशी मी बेजार होऊन सांगून टाकलं. लग्न झालं तेव्हा तोंडातनं शब्द निघत नव्हता तिच्या. शेजारणीकडं मीठ मागायचं तर मला पाठवायची. आणि शेवटी? शेवटी नळावरचं भांडण तिच्याशिवाय मिटत नव्हतं. दवाखान्यात मोठ्या डॉक्टरला म्हणाली, खरं काय ते मला सांगा, ह्यांना नका सांगू, हे घाबरतेत.

"मग वळणाचं पान कुठलं?"

मला सांगता येईना. सर निघून गेले, मी तसाच बसलो. पंचेचाळीस वर्षं एका घरात राहिलो. बायको गेली ते गेली, पण ती कधी बदलली हेही मला ठाऊक नव्हतं. म्हणजे मी बघतच नव्हतो. तेव्हापासून भाकरी मोडताना एकच चाललेलं डोक्यात, कुठलं पान?

ह्या उन्हाळ्यात सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. उदगीरच्या डॉक्टरनं महिनाभर वाचायला बंदी घातली. मग पाच वाजले की सर मला हाका मारायला लागले. हे पुस्तक काढा, तिकिटाचं पान वाचा. मी अक्षराला अक्षर लावून वाचायचो, ते डोळ्याला काळा चष्मा लावून चुका काढायचे. विद्यार्थी मिळाला एकदाचा, साठीच्या पुढचा.

एक दिवस वरच्या फळीवर मागच्या बाजूला हात गेला. फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक. आत तिकीट नव्हतं. मधोमध केसाची काळी पिन होती, आणि उघडताच माझ्या मांडीवर बारीक माती सांडली.

सर म्हणाले, ते ठेवा. माती सांडल्याचं त्यांना दिसलं नव्हतं, पण फडकं सोडल्याचा आवाज ओळखला असंल. मी काय गप्प बसणारा नाही. विचारलं, ह्याचा शेवट काय हाय?

"माहीत नाही."

मला वाटलं चेष्टा करायलेत. मग हळूहळू सांगितलं त्यांनी. महादेवी त्यांची बायको. तिलाही वाचायचा नाद. पण सर आधीच शेवट सांगून मोकळे व्हायचे, आणि ती चिडायची. एका साली हे पुस्तक घेऊन ती गणपतीला किल्लारीकडं माहेरी निघाली. एस्टीच्या खिडकीतनं बजावलं, ह्यातल्या सुनेचं काय होतं ते मी आधी वाचणार, तोवर तुम्ही हात लावायचा नाही. गणपती बुडवले आणि दुसऱ्या पहाटे भूकंप झाला. माहेरच्या घराची एकही भिंत उभी राहिली नाही. तिसऱ्या दिवशी मिलिटरीच्या जवानानं ढिगातनं हे काढून सरांच्या हातात दिलं.

"हात लावायचा नाही म्हणाली होती," सर म्हणाले.

मांडीवरची माती मला झटकावी वाटेना. आणि बसल्या बसल्या ती पहाट मला आठवली. आमच्याकडं भिंतींना नुसत्या चिरा गेल्या होत्या. मी अंगणात थरथरत बसलेलो. कलावती उठली, मिलवर गेली, आणि ज्या मालकापुढं तिनं कधी मान वर केली नव्हती त्याला म्हणाली, फाटक उघडा, डाळ न् पातेली ट्रकात टाका. स्वतः चढली ट्रकात. सहा दिवस किल्लारीकडं रांधत होती. मला विचारलं नाही म्हणून मी रागात. सातव्या दिवशी जी बाई ट्रकातनं उतरली ती दुसरीच होती, आणि मी तोंड फिरवून बसलेलो.

म्हणालो, "सर, पान सापडलं." आणि सगळं सांगितलं.

 सर म्हणाले, तिसऱ्या दिवशी मी ढिगाजवळ बसलो होतो. एका बाईनं हातात भाकरी-वरण ठेवलं आणि जेवा म्हणून चांगलं दटावलं. तोंड काही आठवत नाही.

"दटावलं असंल तर तीच," मी म्हणालो.

मग मला राहवलं नाही. "सर, तीस वर्षं एका पिनेपाशी बसलाव. तुम्हाला बी कच्चंच लिहिलंय."

त्यांचा चेहरा बघून वाटलं, आता हा माणूस मला उठा म्हणतो. मी त्यांना म्हणालो होतो तसं. पण ते म्हणाले, "किती वाजले?"

"सव्वापाच."

"तास चालू आहे. पिनेच्या पुढचं वाचा. शेवटाकडं जायचं नाही. ओळीनं."

माझ्या चालीनं दिवसाला अर्धं पान होतं. पुस्तक संपायला अजून दोन दिवाळ्या लागतील. सरांना घाई नाही. मी भरभर वाचायला गेलो तर तेच थांबवतात.

त्या पहिल्या दिवशी पान उलटताना मी पिन काढायला गेलो, तर म्हणाले, राहू द्या. मग खिशातनं एक तिकीट काढलं, ऑपरेशन करून उदगीरहून येतानाचं. चाचपून बघितलं आणि परत खिशात ठेवलं.

"अजून कळत नाही," म्हणाले. "तुम्ही वाचा."

मी ओळीवर बोट ठेवलं.