नाक क्रमांक चार

राऊतकाका भेटले की नमस्कार करत नाहीत, नाकाखाली पट्टी धरतात. पांढऱ्या कागदाची, टोकाला फुलांच्या अर्कानं ओली, बोटभर रुंदीची. तुम्ही दाढी करत असा, गाडीला किक मारत असा, नाहीतर फोनवर मुलीच्या स्थळाचं बोलत असा. पट्टी येते आणि तिच्यामागून प्रश्न येतो, "वास कसा येऊन राह्यला?" उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. "चांगला येतो" असं म्हणून भागत नाही. "चांगला म्हंजे काय? भिडेखातर बोलू नको बाप्पा, खरं सांगजो."

देवळीतल्या आमच्या गल्लीतली सहा नाकं सध्या त्यांच्या संशोधनात कामाला आहेत. प्रत्येकाला रजिस्टरात क्रमांक आहे. मी नाक क्रमांक चार, माझी बायको पाच. किराणा दुकानदार दोन नंबरला होता, पण तो गुटखा खातो हे कळल्यावर काकांनी त्याला रजिस्टरातून कमी केलं. तेव्हापासून तो त्यांच्याशी धड बोलत नाही.

काका वर्ध्याला एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. उभी नोकरी दुसऱ्यांच्या संशोधनाच्या बाटल्या धुण्यात गेली. रिटायर झाल्यावर त्यांनी स्वतःचं संशोधन काढलं. आमच्याकडे वाळा होतो, गवती चहा होतो, रोशा गवत तर कोणी न लावता बांधावर माजतं. त्याचं तेल काढून लोक सांधेदुखीवर चोळतात. पण काकांना पाहिजे लव्हेंडर, आणि तेही देवळीत, जिथं मे महिन्यात नळाच्या पाण्यानं हात भाजतो.

त्यांच्याकडे लव्हेंडरच्या अकरा कुंड्या आहेत. या झाडाला उष्णता सोसत नाही आणि दमटपणाही सोसत नाही. कूलर लावला की खोली दमट होते, बंद केला की तापते. म्हणून काका उन्हाळाभर कुंड्या आत नेतात आणि बाहेर आणतात. हा माणूस बसलेला मी कधी पाहिलेलाच नव्हता. चहासुद्धा ते फेऱ्या मारत पितात आणि कप जिथं संपेल तिथं ठेवतात. आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर आठवड्याला दोन तरी सापडतात, आणि ते परत करण्याचं काम माझ्याकडे आहे.

काकू होत्या तोवर कुंड्यांना 'माह्या अकरा सवती' म्हणायच्या. त्यांचे गुडघे दुखायचे, रोज संध्याकाळी त्या रोशाचं तेल चोळायच्या. काका कटकट करायचे. हा गावठी वास माझ्या नमुन्यांत मिसळतो, जरा दूर बस, म्हणायचे. काकू हसत हसत खुर्ची ओसरीच्या दुसऱ्या टोकाला न्यायच्या. मला तेव्हाही काकांचा राग यायचा. मग कोरोनात दोघंही सोबतच दवाखान्यात गेले आणि काका एकटे परत आले. पट्ट्या आणि रजिस्टर त्यानंतरचे. आम्हाला वाटलं, घर खायला उठतं म्हणून म्हाताऱ्यानं उद्योग काढला आहे.

यंदा काका फारच अस्वस्थ होते. तीन हिवाळ्यांची सुकवलेली फुलं एका डब्यात जमली होती. त्यांचं तेल काढायचं आणि सोमवारी जुन्या कॉलेजात न्यायचं ठरलं होतं. तिथल्या मशीनवर ते तपासून द्यायला काकांचे जुने साहेब तयार झाले होते. ज्या टेबलावर आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाटल्या मांडल्या, तिथं एकदा आपली बाटली लागावी, एवढंच त्यांना पाहिजे होतं.

रविवारी सकाळी ते आमचा मोठा कुकर मागायला आले. बायको आर्वीला माहेरी गेली होती. आदल्या दिवशी त्याच कुकरमध्ये मटण झालं होतं. मी कुकर दोनदा घासला, तरी रिंगला वास येत होता, तसं काकांना सांगितलंही. काकांनी रिंग नाकाला लावली, लांब श्वास घेतला आणि काहीच नाही म्हणाले. तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाशी मी काय वाद घालणार?

काकांच्या स्वयंपाकघरात कुकरमध्ये फुलं भरली, शिटी काढून तिथं रबरी नळी लावली. नळी बर्फाच्या बादलीतून बाटलीत गेली. दोन तास काका गॅस ते बादली फेऱ्या मारत होते आणि मला तीनतीनदा बर्फ आणायला पिटाळत होते. शेवटी बाटलीतल्या पाण्यावर तेलाचा पिवळसर तवंग दिसला. काकांनी पट्टी बुडवली आणि माझ्या नाकाखाली धरली.

"खरं सांगजो."

मी वास घेतला आणि मला हसूच आलं. लसूण, खडा मसाला, कालचा रस्सा, सगळं जसंच्या तसं. वाटलं, काकाही आता हसतील. पण ते माझ्या तोंडाकडे निकालाची वाट पाहत उभे होते. पट्टी त्यांनी स्वतःच्या नाकाला लावलीच नव्हती.

"काका, मटणाचा येऊन राह्यला," मी म्हणालो.

काका बसले. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

"मले कोरोनापासून कशाचाच येत नाई," ते म्हणाले. "नाईतर तुमची नाकं काऊन लिहून ठेवली असती?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुकर माझा, हसलोही मीच. मी माफी मागू लागलो तर ते म्हणाले, फुलं पुढच्या हिवाळ्यातही येतील, साहेबांना फोन करून सांगतो. मग एकदम उठले आणि माझं मनगट धरून मला आतल्या खोलीत नेलं. गोदरेजचं कपाट वीतभर उघडलं. "लवकर घे. उघडं राह्यलं का उडते." आत काकूंची तपकिरी शाल होती, त्या गुडघ्यांवर घ्यायच्या ती. "रोशाचा येते का अजून?"

मी शालीत तोंड घातलं. डांबरगोळ्यांचा वास आला. पुन्हा श्वास घेतला, तोच आला.

"येतो," मी म्हणालो.

"दहापैकी किती?"

दहा म्हटलं तर त्यांना खरं वाटणार नाही, असा मी विचार केला. "सात."

काकांनी रजिस्टर मागच्या बाजूनं उघडून माझा आकडा लिहिला. मग त्याच्या वरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "तुही बायको मागच्या महिन्यात आठ म्हणे," ते म्हणाले. "कमी होऊन राह्यला." मग कपाट लावून दाराच्या फटीवरून वरपासून खालपर्यंत तळहात दाबत नेला.

संध्याकाळी बायको आर्वीहून आली. मी तिला सगळं सांगितलं.

"शालीचं किती सांगतलं तुम्ही?"

"सात."

तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. "त्या शालीत काईच राह्यलं नाई, मले काय नाक नाई का? पण नऊ तरी सांगाचं होतं. आता पुढच्या महिन्यात मी किती सांगू?"