शिवाप्पाची अर्धी फेरी

आमचा शेजारी शिवाप्पा गूळवाला वाहतं पाणी ओलांडत नसे. शंकराच्या देवळात पिंडीचं पाणी बाहेर पडतं ती पन्हाळ ओलांडायची नाही, तिथनं माघारी फिरायचं, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण ते देवळात. हा गडी जिथं तिथं माघारी फिरायचा.

नदीचं काय, विचारलं तर म्हणायचा, "नदीवर पूल हाय. पूल सरकारचा. पाप सरकारला."

एकदा म्हैस घ्यायला गेला. भोवतीनं फिरून बघत होता, तेवढ्यात म्हैस मुतली. हा तिथनंच उलटा फिरला. म्हशीवाला म्हणाला, "पावणं, म्हैस घेताय का पूजा करताय?"

आमच्या दोन घरांमधनं माझ्या मोरीचं पाणी जायचं. म्हणून माझ्याकडं यायला तो सगळी गल्ली फिरून यायचा आणि दमलो म्हणून पाणी मागायचा.

आताचे महाराज गादीवर नवे होते तेव्हा त्याचा गूळ घेऊन आम्ही घाट उतरलो. गाड्या माझ्या होत्या. बंदरावर गूळ गलबतात भरला, तर मलाही ओढून मुंबईला घेऊन निघाला. समुद्राचं त्याला काही नव्हतं. "ह्यो वाहत न्हाय, हलतोय," म्हणाला.

वाटेत वारा पडला. गलबताच्या तांडेलानं एका बारक्या बेटाजवळ नांगर टाकला.

"फिरून येऊ की," शिवाप्पा म्हणाला.

तांडेल म्हणाला, "वारो इलो की मी थांबूचंय नाय."

वर्षाचा सगळा गूळ गलबतावर ठेवून हा होडीत बसला. खलाशानं आम्हाला बेटावर सोडलं.

बेट आमच्या गल्लीएवढं. शिवाप्पा एकेक खडक गुळाची ढेप बघावी तसा थापटून बघत चालला. फेरी होत आली, समोर होडी दिसायला लागली. मध्ये झऱ्याचं पाणी समुद्रात जात होतं. नेमका तेव्हाच वारा सुटला. गलबतावरनं तांडेल बोंबलायला लागला. मी पाणी ओलांडलं. हा थांबला.

"शिवाप्पा, वीतभर पाणी हाय!"

"व्हय. पर वाहतंय."

"गूळ चाललाय तुझा!"

"मी मागनं येतो," म्हणाला आणि फिरला.

मी चिडलो. "घरला जायाचं हाय का न्हाय तुला?"

त्याची बायको बाळंतपणात जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यानं मागं वळून बघितलं. "घरात कोण हाय रं, बाबू? उडी मारली की फिरणं सपलं. माघारी फिरलं की तेवढंच लांबतंय."

तेव्हा माझी बायको घरात होती. मला ते बोलणं ह्या साली, ती गेल्यावर कळलं. तेव्हा नुसता राग आला. रागारागानं जाऊन होडीचा दोर मांडीखाली घेऊन बसलो. तांडेलानं माझी आई काढली, मी त्याचा बाप काढला. उठलो नाही.

बऱ्याच वेळानं शिवाप्पा दुसऱ्या अंगानं आला. घाम पुसला, होडीत बसला.

"बेट चांगलं हाय," म्हणाला. "जरा ल्हान हाय."