फ्लरिश व्हा!

वरून हुकूम आल्याशिवाय माणसाची भरभराट होत नाही. आमच्या कार्यालयात तो हुकूम इंग्रजीत आला: सर्व कर्मचाऱ्यांनी महिनाअखेरपर्यंत 'फ्लरिश' व्हावे.

आधी सगळ्यांनी सह्या केल्या, मग अर्थ विचारला. (नियमाप्रमाणे हाच क्रम बरोबर.) हेडक्लार्कनी शब्दकोश आणला. त्यात चार अर्थ निघाले: भरभराटणे, सहीला झोकदार शेपटी काढणे, हातातली वस्तू हवेत मिरवणे आणि बिगूल फुंकणे.

"यातला कुठला घ्यायचा, साहेब?"

"वरून आलेला शब्द आहे. एकही अर्थ वाया जाता कामा नये."

मग अर्थांचं खातेवाटप झालं. बिगूल आवक-जावककडे गेला. तो पत्रागणिक फुंकायचा. (पत्रं सदतीस टक्क्यांनी घटली.) अभिलेख कक्षाने फायली डोक्यावर गरगर फिरवत न्यायच्या ठरल्या, पहिल्याच दिवशी अकरा फायली पंख्यात निकाली निघाल्या. शेपटी साहेबांनी स्वतःकडे ठेवली. उरली भरभराट. ती शिपायाला दिली, कारण तो त्या दिवशी आला नव्हता.

याच सुमारास टंकलेखिका बाईंच्या लेकीचं बाळंतपण जवळ आलं. बाईंनी पंधरा दिवसांची रजा मागितली. साहेबांनी आनंदाने 'मंजूर' लिहून सही केली आणि शेपटी अशी झोकात फिरवली, की ती उलटी वळून 'मंजूर'मधून आरपार गेली. आस्थापना शाखेने शेरा खोडलाय असं समजून अर्ज फेटाळला.

बाई साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "रजा दिलीत की नाही?"

"दिली की! शेपटी बघा काय साधलीय."

"तिनेच तर रजा गिळली."

"मग नवीन अर्ज करा."

दुसऱ्या अर्जावर शेपटीने तारीखही गिळली. तिसऱ्यावर बाईंचं नाव गेलं.

चौथा अर्ज टाइप करताना जावयाचा फोन आला. "मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. ती सारखी विचारतेय, आई कुठंय?"

बाईंनी पदराने डोळे पुसले. आवक-जावकच्या टेबलावरचा बिगूल उचलला, साहेबांच्या कानाशी नेला आणि छाती फुटेस्तोवर फुंकला. मग पर्स घेऊन चालत्या झाल्या.

साहेब खुर्चीवर चढून बसले होते. खाली उतरल्यावर त्यांनी अहवाल लिहिला: "फ्लरिश झालेले कर्मचारी शंभर टक्के. (शिपाई धरून, तो अद्याप आलेला नाही.) एक महिला कर्मचारी तर बहराच्या भरात कार्यालयाबाहेर गेल्या."

वरून अभिनंदनाचं पत्र आलं.

तुम्हाला हसू आलं असेल. हरकत नाही. परवा तुमच्या टेबलावर आलेला कागद तुम्ही सही करून पुढे सरकवलात ना? त्यात तुम्ही काय काय व्हायचं कबूल केलंय, तेवढं सवडीने वाचून घ्या.